वाढत्या अंगाची रॅकेट

आमच्या लहानपणी जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी वडील मला धसईच्या बाजारपेठेतल्या शिंप्याकडे नेत आणि त्याने टेप हातात घेण्यापूर्वीच सांगत, "वाढत्या अंगाचा शीव." मग तो शिंपी माझ्या अंगाचे माप न घेता जणू माझ्या भविष्याचेच माप घेई. सदऱ्याच्या बाह्या तीनदा दुमडाव्या लागत, चड्डी करगोट्याच्या आधाराने राही आणि सदरा अंगाला नीट बसू लागे तोवर त्याचा रंग उडालेला असे. चपलांचेही तेच. म्हसोबाच्या जत्रेतून आणलेल्या चपलेत पुढे कागदाचा बोळा कोंबून मी चौथीचे अख्खे वर्ष काढले. त्यात दुःख वगैरे काही नव्हते, सगळी मुले तशीच होती. पण ही सवय माणसाच्या हाडात किती मुरते, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एका टेनिसच्या रॅकेटने दाखवले.

टेनिस आणि धसई हे शब्द एका वाक्यात पाहून मुरबाड-शहापूरकडचे वाचक हसतील. आमच्याकडे टेनिस म्हणजे फक्त चेंडू. भाताची कापणी झाली, शेते मोकळी झाली की त्या चेंडूने क्रिकेटचे सामने सुरू होतात, ते पाऊस येईपर्यंत चालतात. तो चेंडू मुळात दुसऱ्याच कुठल्या खेळासाठी जन्माला आला, याचे कुणाला सोयरसुतक नसते. बँकेतून २०१८ साली निवृत्त होऊन मी गावच्या घरात येऊन राहिलो. मुलगा, सून आणि नात ठाण्याला. नात आठव्या वर्षापासून टेनिस खेळते. आता ती चौदा पूर्ण आहे. म्हणजे चेंडू जाळीपलीकडे जातो का, हा प्रश्न संपलेला आणि तो नेमका कुठे पडतो, हा प्रश्न नुकता सुरू झालेला. शिकाऊ नव्हे आणि तयारही नव्हे, अशी ती मधली पायरी. माझ्या मते सर्वांत नाजूक पायरी हीच, कारण या वयात शरीर दर सहा महिन्यांनी बदलते आणि घरच्या मोठ्या माणसांची स्वप्ने मात्र दर आठवड्याला वाढतात.

माझी स्वप्ने जुनी होती. ऐंशीच्या दशकात एका जिल्ह्याच्या गावी बदली झाली असताना तिथल्या ऑफिसर्स क्लबात मी टेनिस शिकलो. कोर्ट तांबड्या मातीचे. रॅकेट जालंधरची, लाकडी. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि त्यांच्याबरोबर हा धंदाही आला, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी बॅटी आणि रॅकेटी या दोन गावांतून येत राहिल्या. दांड्याच्या गळ्याशी 'लाइट' किंवा 'मीडियम' एवढेच छापलेले असे. निवड म्हणून जी काय होती ती एवढीच. 'लाइट' म्हणवणारीही पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरायची. पावसाळ्यात लाकूड वाकू नये म्हणून ती चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून कपाटात ठेवायची. मी काही चांगला खेळत नसे. पण दूरदर्शनवर विम्बल्डन पाहून झोपलो की स्वप्नात मात्र हमखास बरा खेळे.

तर मागच्या वर्षी जूनमध्ये नातीच्या वाढदिवसाला मी एकटाच निघालो. एसटीने कल्याण, लोकलने मुंबई आणि तिथून चालत धोबीतलाव. खेळाच्या सामानाच्या दुकानांची ती रांग मुंबईकराला ठाऊक आहे. काउंटरवरच्या मुलाने विचारले, "वय किती? उंची? आठवड्यातून किती दिवस खेळते? आत्ता कुठली वापरते?" मला हे प्रश्न फालतू वाटले. मी भिंतीवरच्या एका जगप्रसिद्ध खेळाडूच्या चित्राकडे बोट करून म्हणालो, "हा वापरतो ती द्या." त्याने एकदा अडवून पाहिले. मी म्हणालो, "पोरगी वाढत्या अंगाची आहे. दोन वर्षांनी पुन्हा कोण घेत बसणार?" साडेअठरा हजार रुपये मी आनंदाने दिले. दांड्याची जाडीसुद्धा एक नंबर मोठीच घेतली. हात वाढेल की!

इथे एक कबुली. पस्तीसेक वर्षे मी कर्जाचे अर्ज तपासले. बैलजोडीसाठी कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायचो तो जमीन किती, दुसरा पाणी किती. दीड एकर कोरडवाहूवाल्याला ट्रॅक्टरचे कर्ज मी कधी मंजूर केले नाही, मग तो कितीही वाढत्या अंगाचा असो. आणि काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभे राहायची वेळ आली तेव्हा मीच एकही कागद न बघता सही ठोकली.

नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ रोजी, आमचे धसई राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले, हे अनेकांना आठवत असेल. किराणा दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत कार्ड घासायची यंत्रे आली. मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीत होतो, सहकारी मोठ्या कौतुकाने विचारपूस करत. यंत्र हातात आले की काम झाले, असे त्या दिवसांत मलाही वाटले होते. यंत्र वापरायला गिऱ्हाइकाजवळ कार्ड लागते, कार्डामागच्या खात्यात पैसे लागतात आणि हे सगळे जोडायला रेंज लागते, हा हिशेब नंतरचा. असो. रॅकेटीकडे वळू.

दिवाळीच्या सुट्टीत नात धसईला आली. त्या दिवसांत आमच्याकडे कापणी उरकत आलेली असते आणि अंगणातल्या खळ्यावर भारे येऊन पडू लागतात. कोठाराच्या भिंतीवर खडूने जाळीच्या उंचीची रेघ मारून ती चेंडू मारत बसे. पूर्वी हा आवाज तासभर चाले. या वेळी दहा मिनिटांत थांबू लागला. मला वाटले, भाताच्या धुळीचा त्रास होत असेल. सुनेने फोनवर हलकेच सांगितले, "बाबा, ती म्हणतेय टेनिस आता आवडत नाही. सोडायचं म्हणते." मी म्हणालो, या वयात असे होतेच, दहावीचे वर्ष जवळ आले आहे. किती चटकन आपण कारणे तयार करतो!

खरे कारण ओळखले आमच्याकडे वर्षानुवर्षे कापणीला येणाऱ्या एका म्हाताऱ्या ठाकरीण मावशींनी. दुपारी भाकरी खायला ओट्यावर बसल्या असताना त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरीचा हात दुखतोय. तुमाला दिसत नाय का? तांब्या डाव्या हातानं उचलते ती."

मला दिसले नव्हते. मावशींनी नातीला जवळ बोलावून कोपराच्या बाहेरच्या बाजूला अंगठा दाबला आणि पोरगी कळवळली. मग मावशींनी ती रॅकेट मागितली. आयुष्यात पहिल्यांदा ती वस्तू त्यांच्या हातात गेली असेल. त्यांनी दांडा धरला, मनगटाने दोनदा फिरवली आणि परत दिली. "जड हाय. आन मूठ जाड. हा बाप्याचा हात मागतोय."

विळ्याची निवड बायका कशी करतात हे मी जन्मभर पाहिले होते, पण बघितले नव्हते. मावशींचा विळा हलका आहे, पात झिजून अर्धी झाली आहे, तरी त्या नवा घेत नाहीत. लाकडी मुठीवर चिंधी गुंडाळलेली असते. घामाने मूठ सरकू नये म्हणून आणि मूठ आपल्या हाताएवढी जाड व्हावी म्हणूनही. बारीक मुठीवर चिंधी चढवता येते, जाड मूठ तासत बसावी लागते. म्हणून लोहाराकडून घेताना बारीकच घ्यायची. दुपारपर्यंत पाचशे वेळा हात फिरायचा असतो. पहिल्या शंभर वेळा जड विळा जास्त कापतो, पुढच्या चारशे वेळा तो मनगट कापतो.

'टेनिस एल्बो' हा शब्द मराठी घराघरांत आला तो टेनिसमुळे नव्हे, सचिनमुळे. २००४ साली त्याचे कोपर दुखावले, २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि मधल्या काळात बँकेच्या कॅन्टीनमध्ये आम्ही सगळे अस्थिरोगतज्ज्ञ झालो होतो. त्याची बॅट किती जड, यावरही वाद झडत. हा विकार खरे तर मनगट मागे ओढणाऱ्या स्नायूंचा. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या कंडऱ्यांनी जोडलेले असतात, तिथे दुखणे धरते. सुतारांना होतो, पिळे घालून कपडे धुणाऱ्या बायकांनाही होतो. ठाण्याच्या डॉक्टरांनी नातीला सहा आठवडे विश्रांती दिली, हाताचे व्यायाम दिले आणि मला स्वच्छ सांगितले की सगळा दोष रॅकेटीचा नाही. सरावाचे तास अचानक वाढले होते, बॅकहँड उशिरा लागत होता. पण बॅकहँड उशिरा का लागत होता? तर हातातले वजन वेळेवर पुढे येत नव्हते म्हणून. हे तिच्या प्रशिक्षकांनी सांगितले.

नातीला मी विचारले, "आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "आबा, तुम्ही एकटे धोबीतलावला गेला होतात. किती हौसेने आणलीत. मला वाटलं, मलाच जमत नाहीये."

या वाक्याने माझी झोप उडाली. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण येता-जाता वापरतो. पण अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा काय? पोर नाचणेच सोडून देते. आणि अंगण मी घातलेले होते.

म्हणीवरून आठवले. अमेरिकेत हॉवर्ड हेड नावाचा अभियंता होता. धातूच्या स्की बनवून तो श्रीमंत झाला, कंपनी विकून टेनिस शिकू लागला आणि काही केल्या ते त्याला जमेना. रॅकेट हातात वळते, चेंडू काठाला लागतो. त्याने शिकवणी वाढवायच्या ऐवजी रॅकेटच बदलली. लाकडी रॅकेटीचे तोंड तेव्हा सत्तरेक चौरस इंचांचे असे, त्याने ११० चे केले. १९७६ साली 'प्रिन्स' कंपनीची ती रॅकेट बाजारात आली तेव्हा हेड बासष्ट वर्षांचा होता, जाणकार तिला हसले आणि दहा वर्षांत लाकडी रॅकेट मैदानातून गेली. स्वतः रॉजर फेडरर ९० चौरस इंचांच्या तोंडाने कारकीर्द गाजवून २०१४ पासून ९७ वर आला. म्हणजे जगातला सर्वांत सफाईदार हातसुद्धा वयाप्रमाणे अवजार बदलतो. मी मात्र चौदाव्या वर्षीच्या मुलीला तिच्या अठराव्या वर्षीचे अवजार देऊन मोकळा झालो होतो.

मग मी शिकायला बसलो. पोथी वाचावी तसा रोज सकाळी. लांबीचा प्रश्न सोपा निघाला. लहान मुलांना पंचवीस-सव्वीस इंची, पुढे सगळ्यांना सत्तावीस. आमची पोरगी त्या टप्प्यापलीकडे गेली होती. रंगाचा प्रश्न त्याहून सोपा, तो तिचा. वजनाची गोष्ट मात्र मला वाटली होती त्याहून वेगळी. जड वाईट, म्हणून जितकी हलकी तितकी चांगली, असे मी ठरवून टाकले होते. प्रशिक्षक म्हणाले, तसे नाही. चेंडू छप्पन ते एकोणसाठ ग्रॅमचा, तो जोरात येऊन आदळतो आणि जाळीवर जेमतेम चार-पाच सहस्रांश सेकंद टेकतो. त्या क्षणी रॅकेटीत वजनच नसेल तर धक्का कुठे जाईल? हातात. फार जड रॅकेट उशिरा येते, फार हलकी थरथरते. या दोन्हींच्या मधली हवी. बिनगटिंगची २७० ते २८५ ग्रॅम, असे त्यांनी तिच्यापुरते सांगितले. मी घेतलेली ३०५ ची होती आणि गटिंग, वरची पट्टी वगैरे धरून सव्वातीनशेच्या घरात जात होती. वीस-पंचवीस ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. चार चमचे साखर. पण ती साखर दांड्याच्या टोकाला बांधून दोन तास फिरवायची आहे.

आणि ती साखर कुठे बांधली आहे, यावरही सगळे आहे. रॅकेट बोटावर आडवी तोलून धरली की ती कुठे स्थिर होते ते कळते. तोल मुठीकडे असेल तर जड रॅकेटही चपळ वाटते, तोंडाकडे असेल तर हलकीही हातोड्यासारखी लागते. कुऱ्हाड आणि विळा यांतला फरक हाच. मावशींनी मनगटाने दोनदा फिरवले ते हेच पाहायला.

तोंडाचा आकार किती घ्यावा, हे मारण्याच्या पद्धतीवर. ज्याचा हात लांब आणि वेगाने फिरतो त्याच्याकडे जोर स्वतःचा असतो, त्याला लहान तोंड आणि ताबा हवा. ज्याचा हात आखूड फिरतो त्याला रॅकेटने जोर द्यायला हवा. मधल्या पायरीवरच्या मुलांना शंभर चौरस इंच बहुधा मानवते. मुठीची कसोटी तर घरच्या घरी करता येते. दांडा नेहमीसारखा धरायचा आणि बोटांची टोके व तळहात यांच्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घालायची. बसली तर माप बरोबर. नातीच्या मुठीत माझी अख्खी दोन बोटे जातील एवढी पोकळी राहत होती, म्हणजे पकडच बसत नव्हती. रॅकेट वळू नये म्हणून ती जीव खाऊन आवळत होती आणि तो सगळा आवळा कोपरापर्यंत जात होता. अर्ध्या दुखण्याचे मूळ इथे असावे, असे मला वाटते.

राहिली गटिंग. रॅकेटवर हजारो रुपये घालणारे आपण गटिंगचा विचार शेवटी, पावती फाडताना करतो. पूर्वी ती गाई-मेंढ्यांच्या आतड्याची असे, म्हणून तर 'गट'. महाग आणि पावसाळ्यात कुजणारी, पण हाताला सर्वांत मऊ. १९९७ साली ब्राझीलचा गुस्तावो कुएर्टन पॉलिएस्टरच्या ताठ तारा लावून फ्रेंच स्पर्धा जिंकला आणि तेव्हापासून सगळ्यांना त्याच हव्या झाल्या. या तारांनी चेंडूला फिरकी भरपूर मिळते, पण ती हाताचा वेग असलेल्याला. बाकीच्यांना नुसता ताठपणा मिळतो. शिवाय त्या लवकर मरतात. तुटत नाहीत, नुसत्या मरतात. तुटत नाहीत म्हणून आपण बदलत नाही. नातीच्या रॅकेटला हीच तार, छप्पन पौंडांवर ताणलेली, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तशीच. फ्रेमही ताठ, तारही ताठ आणि मध्ये चौदा वर्षांचे कोपर.

जानेवारीत आम्ही दोघे पुन्हा धोबीतलावला गेलो. त्याआधी तिच्या प्रशिक्षकांनी एक युक्ती केली होती. ओळखीपाळखीच्यांकडून तीन रॅकेटी आणल्या, कंपनीची नावे कागदी पट्टी चिकटवून झाकली आणि दर आठवड्याला एक अशा तिला खेळायला दिल्या. खेळ संपल्यावर प्रश्न एकच, "शेवटच्या अर्ध्या तासात कशी वाटली?" पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक नवी रॅकेट आवडतेच, असे ते म्हणतात. नव्या नोकरीसारखे. तिने दुसरी निवडली. पट्टी काढल्यावर निघाली ती अगदी साधी, २८० ग्रॅमची, मऊ फ्रेमची, भिंतीवर जिचे चित्र कुणी लावत नाही अशी.

काउंटरवर तोच मुलगा. त्याने मला ओळखले की नाही, कळले नाही, पण प्रश्न तेच विचारले. या वेळी उत्तरे नातीने दिली. मी मागे स्टुलावर बसलो. मूठ बारीक घेतली, वरून एक पट्टी गुंडाळली. तार मऊ, अनेक धाग्यांची, पन्नास पौंडांवर. सगळे मिळून पहिल्या रॅकेटीच्या निम्म्याहून थोडे जास्त पैसे झाले. निघताना मी त्या भिंतीवरच्या खेळाडूच्या चित्राकडे पाहिले. प्रशिक्षकांनी मला नंतर सांगितले की मोठे खेळाडू बऱ्याचदा आपली जुनी, हाताला बसलेली फ्रेमच वापरतात आणि वर नव्या मॉडेलचा रंग चढवून घेतात. म्हणजे तो 'वापरतो ती' मी घेतलीच नव्हती कदाचित.

परतीच्या लोकलमध्ये मी तिला नंदू नाटेकरांची गोष्ट सांगितली. सांगलीचा हा मुलगा मूळचा टेनिसचाही चांगला खेळाडू, कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णनकडून हरला आणि बॅडमिंटनकडे वळला. १९५६ साली क्वालालंपूरला जिंकून परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. पुढे त्यांचा मुलगा गौरव टेनिसमध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. ती म्हणाली, "म्हणजे वडिलांनी हलकी रॅकेट घेतली!" मी हसलो. मग तिने ऋतुजा भोसलेचा विषय काढला. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले तो सामना तिने मोबाइलवर पाहिला होता. घाटकोपर ते कल्याण ती एकटीच बोलत होती. टेनिस सोडण्याबद्दल मी विचारले नाही.

पहिली रॅकेट विकावी, असे मुलगा म्हणाला. मी धसईला घेऊन आलो. तारा कापून ती पडवीत खुंटीवर टांगली आहे. शेजारी माझी जालंधरची, स्क्रूच्या चौकटीत.

यंदा मे महिन्यात नात आली होती. कोठाराची भिंत सकाळी साडेसहाला वाजू लागली आणि मी चहा घेत मोजत बसलो. पन्नास मिनिटे. आवणीआधीची कामे विचारायला मावशी आल्या होत्या. त्यांनी न मागता हात पुढे केला, रॅकेट घेतली, दोनदा फिरवली, मुठीवरची पट्टी चाचपली आणि नातीकडे परत देत म्हणाल्या, "चिंधी बांधलीस व्हय?"

आठवड्यातून जितके दिवस खेळायचे, वर्षातून तितक्या वेळा तारा बदलायच्या, असा एक ठोकताळा आहे. ती चार दिवस खेळते. मी बँकेत कर्जाच्या नूतनीकरणाच्या तारखा लिहीत असे तशा डायरीत चार तारखा लिहून ठेवल्या आहेत. पुढची ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आहे. मुरबाडच्या रस्त्याला पाणी भरले नसेल तर मीच जाईन.